अपडेट आलं, गिऱ्हाईक नाही आलं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की घरात पडून असलेल्या जुन्या फोनचं तुम्ही काय करता. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी एकाच फोनवर अडकलेली, ब्लॅकबेरी! म्हटलं चला, या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकू. शेवटचा प्रश्न मात्र आजच्या खरेदीचा आहे, तो सोडू नका.

प्रश्न (नाशिक): नमस्कार दादा. दिवाळीच्या साफसफाईत काकांचा ब्लॅकबेरी झेड 10 सापडला. चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला! पण सेटिंगमध्ये जाऊन अपडेट दाबलं तर काहीच मिळत नाही. काका म्हणतात नवीन अपडेट टाकलं की व्हॉट्सॲप चालेल आणि मग मी हाच वापरणार. खरंच चालेल का?

उत्तर: काकांना माझा नमस्कार सांगा, पण नाही चालणार. व्हॉट्सॲपनं या फोनच्या ब्लॅकबेरी 10 सिस्टीमसाठीचा सपोर्ट 31 डिसेंबर 2017 लाच बंद केला, म्हणजे ते प्रकरण केव्हाच मिटलं. त्यानंतर खुद्द कंपनीनं 4 जानेवारी 2022 ला आपल्या जुन्या सिस्टीमच्या, ब्लॅकबेरी 10 च्यासुद्धा, सगळ्या सेवा बंद केल्या आणि स्पष्ट सांगितलं की या तारखेनंतर फोनवर कॉल, मेसेज, डेटा हे सगळं नीट चालेलच याची खात्री नाही, इमर्जन्सी कॉलचीसुद्धा नाही. त्यामुळे अपडेट दाबल्यावर काही येत नाही यात तुमच्या वायफायचा दोष नाही, समोर आता कुणी बसलेलंच नाहीये.

शिवाय सिमची भानगड आहेच. झेड 10 ला मायक्रो सिम लागतं, आता सगळ्यांकडे नॅनो, म्हणजे ते प्लॅस्टिकचं ॲडॉप्टर शोधा, आणि जिओचं सिम असेल तर तेही करू नका कारण जिओकडे पहिल्यापासून टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल व्होल्टीवर, म्हणजे फोरजीच्या डेटावर, चालतात, हा फोन त्यात बसत नाही.

करायचं काय? आधी काकांचे जुने फोटो केबलनं काढून घ्या, रिसेट वगैरे काही मारू नका. मागचं झाकण नखानं उघडतं, बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगली आहे, पुन्हा चार्ज करायची नाही, सरळ ई-कचऱ्यात. नाही फुगली तर गाणी ऐकायला, गजर लावायला ठेवा की खुशाल.

प्रश्न (पुणे): सर, मी बारावीत आहे. बाबा नेहमी सांगतात की त्यांच्या ऑफिसात ब्लॅकबेरी म्हणजे एकदम साहेबी थाट होता. मी वाचलं की 2013 नंतर कंपनीनं नवी सिस्टीम काढली, धडाधड अपडेट्स दिली, जाहिरातींवर पैसा ओतला, तरी लोक आले नाहीत. सॉफ्टवेअर खराब होतं का?

उत्तर: खराब नव्हतं रे, तेच तर दुखणं आहे.

थोडं मागून घेतो. कॅनडात ऑन्टारियो प्रांतात वॉटर्लू नावाचं गाव आहे, तिथे 1984 मध्ये माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी रिसर्च इन मोशन, म्हणजे रिम, ही कंपनी काढली. 1999 मध्ये ब्लॅकबेरी 850 नावाचा ईमेलवाला पेजर आला आणि तिथून साहेब लोकांच्या कमरेला हे यंत्र चिकटलं ते चिकटलंच. 2005 मध्ये बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरीवाल्यांचं आपसातलं मेसेजिंग, आलं. आपल्याकडे ते 2010-11 च्या सुमारास कॉलेजच्या कट्ट्यावर पोचलं, कर्व्ह नावाचा ब्लॅकबेरी स्वस्त झाला होता, व्होडाफोनची ती पोरांवाली जाहिरात टीव्हीवर चालू होती आणि मुलं नंबर न मागता "तुझा पिन काय?" विचारायची. प्रत्येक ब्लॅकबेरीला आठ आकडी-अक्षरी पिन असायचा, मेसेज पोचला की डी, वाचला की आर. ते आर दिसूनही उत्तर आलं नाही की जे व्हायचं ते आजच्या निळ्या टिकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता गोची बघ. जानेवारी 2007 ला आयफोन दाखवला गेला. रिमला आपली जुनी सिस्टीम टचस्क्रीनला पुरणार नाही हे कळायला वेळ लागला, एप्रिल 2010 ला त्यांनी क्यूएनएक्स नावाची कंपनी घेतली, तिच्या पायावर नवी सिस्टीम बांधायची ठरलं, आणि ती ब्लॅकबेरी 10 या नावानं फोनमध्ये यायला उजाडलं 30 जानेवारी 2013. मधल्या काळात दुकानात जे ब्लॅकबेरी विकले जात होते ते सगळे जुन्या सिस्टीमचे, आणि त्यांना नव्या सिस्टीमचं अपडेट मिळणार नव्हतंच. म्हणजे गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आता घ्या पण पुढच्या वर्षी नवा घ्या? जून 2012 ला तर तारीख पुन्हा पुढे ढकलली आणि त्याच दमात 5,000 जणांची नोकरी जाणार म्हणून जाहीर केलं. एकाच दिवशी दोन्ही बातम्या. मग थांबलेला माणूस अँड्रॉइड नाहीतर आयफोनकडे गेला, थांबून थांबून किती थांबणार.

मग लाँच झालं, थाटात झालं. कंपनीचं नावच बदलून ब्लॅकबेरी केलं, गायिका ॲलिशिया कीज हिला ग्लोबल क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमलं (पुढच्याच महिन्यात तिच्या अकाउंटवरचं एक ट्वीट आयफोनवरून गेलेलं लोकांनी पकडलं, ती म्हणाली अकाउंट हॅक झालं होतं, तोवर व्हायचं ते हसं झालं), अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यात जाहिरात दिली. गंमत म्हणजे ती जाहिरात फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि अमेरिकेतल्या दुकानात फोन आला मार्चच्या शेवटी शेवटी. भूक लावायची आणि ताट दीड महिन्यानं वाढायचं!

आपल्याकडे 25 फेब्रुवारी 2013 ला मुंबईत झेड 10 आणला, किंमत 43,490 रुपये. आयफोन 5 तेव्हा 45,500 ला होता आणि दोनच महिन्यांत गॅलेक्सी एस 4 आला 41,500 ला. त्या पैशात माणूस ज्या दुकानात सगळी ॲप आहेत तिकडेच जाणार ना? ब्लॅकबेरीनं ॲप जमवायला काय नाही केलं, डेव्हलपरना सांगितलं की चांगलं ॲप करा, हजार डॉलर तुम्ही कमवा, 10,000 ला कमी पडतील ते आम्ही भरू. लाँचच्या आधी एक शनिवार-रविवार ॲप आणा आणि 100 डॉलर घ्या असा मेळाच लावला, त्यात दीड दिवसात 15,000 ॲप आली. आकडा भारी दिसला, लाँचला 70,000 ॲप म्हणून सांगितलं, पण इन्स्टाग्राम नाही. लोकांना सत्तर हजार नको असतात रे, रोजची पंधरा-वीस हवी असतात.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो, अपडेट्स. मे 2013 ला 10.1 आलं, ऑक्टोबरला 10.2, जानेवारी 2014 ला 10.2.1. ज्या कंपनीत माणसं कमी होत होती तिनं वर्षभरात तीन मोठी अपडेट्स देणं म्हणजे आतल्या लोकांनी जीव तोडून काम केलं असणार. आणि कामही दिसायचं. हब म्हणून एक जागा होती, सगळे ईमेल, मेसेज, मिस्ड कॉल एकत्र, कुठल्याही ॲपमध्ये असताना अंगठा खालून वर आणि मग उजवीकडे सरकवला की हब डोकावायचं, अंगठा सोडला नाही तर परत जागेवर. पुढे बटण एकही नाही. 10.2.1 मध्ये तर फोटोचा पासवर्ड आला, म्हणजे तू एक फोटो निवडायचा, 0 ते 9 मधला एक आकडा निवडायचा आणि फोटोतली एक जागा ठरवायची, समजा 7 आणि आजीच्या टिकलीवर. फोन उघडताना स्क्रीनभर आकड्यांची जाळी यायची, ती बोटानं सरकवून कुठलाही एक 7 बरोब्बर टिकलीवर आणला की फोन उघडला. दर वेळी जाळी वेगळी, त्यामुळे शेजारी बसून कुणी बघत असला तरी काही कळायचं नाही. मला हे अजूनही आजच्या नक्षी काढण्यापेक्षा भारी वाटतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 10.2.1 पासून अँड्रॉइडच्या ॲपची फाइल सरळ फोनवर टाकता यायला लागली. सुरुवातीला आत अँड्रॉइडचं जुनं जिंजरब्रेड होतं, मग जेली बीन आलं. पण गुगल प्ले सर्व्हिसेस नव्हत्या, त्यामुळे नकाशा किंवा गुगलच्या लॉगिनवर चालणारी ॲप अडखळायची, काही उघडायचीच नाहीत. सप्टेंबर 2014 ला पासपोर्ट नावाचा चौकोनी फोन आला तेव्हा 10.3 मध्ये ॲमेझॉनचं ॲपस्टोअरच आत घालून दिलं, म्हणजे एका अर्थी कबूलच केलं की आमच्याकडे ॲप येत नाहीत, शेजारून आणा.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. अपडेट बघतो कोण? ज्याच्या हातात फोन आहे तो. ज्यानं घेतलेलाच नाही त्याला 10.1 काय आणि 10.2.1 काय, त्याच्यापर्यंत पोचते ती बातमी. आणि सप्टेंबर 2013 मध्ये बातमी काय होती तर एका तिमाहीत 96.5 कोटी डॉलरचा तोटा, त्यात मुख्य करून न विकलेल्या झेड 10 च्या साठ्याचे पैसे बुडाले म्हणून दाखवलेले, 4,500 माणसं कमी करणार, आणि कंपनी विकायला काढलीये. फेअरफॅक्स नावाच्या कॅनडाच्याच कंपनीनं 4.7 अब्ज डॉलर देऊ केले होते, नोव्हेंबरला तेही फिसकटलं, मग कर्ज उभारलं आणि जॉन चेन प्रमुख म्हणून आले. अशा वेळी दुकानात गिऱ्हाईक फीचर विचारत नाही, विचारतं की पुढच्या वर्षी ही कंपनी असेल का. त्याला कुठल्या अपडेटनं उत्तर द्यायचं?

वर किंमती पाडल्या. झेड 10 आपल्याकडे सहा-सात महिन्यांत ऑफरमध्ये 29,990 ला आला, 2014 मध्ये 17,990 ला. नवीन माणूस खूश होईल पण ज्यानं पहिल्या आठवड्यात 43 हजार मोजले तो? तोच तर सगळ्यांना सांगत फिरणारा माणूस होता, त्यालाच दुखावलं.

बीबीएमचंही असंच. अँड्रॉइड आणि आयफोनवर ते आलं ऑक्टोबर 2013 मध्ये, पहिल्या चोवीस तासांत 1 कोटी डाउनलोड, म्हणजे लोकांना हवं होतं हे दिसतंच. पण तोपर्यंत कट्टा व्हॉट्सॲपवर जाऊन बसला होता, आणि कट्टा एकदा उठला की परत त्याच पायरीवर येत नाही. हेच दोन-तीन वर्षं आधी केलं असतं तर? आधी केलं असतं तर ब्लॅकबेरी फोन घेण्याचं एक कारण गेलं असतं, ही भीती होती. जुन्या ब्लॅकबेरीला मोबाईल कंपनीकडून वेगळा ब्लॅकबेरी प्लॅन घ्यावा लागायचा, त्यातला वाटा दर महिन्याला रिमला मिळायचा, चांगली बसल्या जागची कमाई होती. नव्या ब्लॅकबेरी 10 ला तो प्लॅन लागत नव्हता, गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं उत्तम, पण कंपनीची ती कमाई आटली आणि फोन विकून भरून काढायची तर फोन विकले जाईनात.

प्रश्न (कोल्हापूर): साहेब, ब्लॅकबेरीचा एक टॅब पण होता ना, प्लेबुक? त्याला पण नवी सिस्टीम देणार म्हणाले होते असं माझा मित्र छातीठोक सांगतो. मी म्हणतो असं काही म्हणाले नव्हते. पैज लागलीये, चहा आणि कांदाभजी.

उत्तर: भजी तुम्ही द्यायची. म्हणाले होते.

प्लेबुक एप्रिल 2011 ला आला आणि ईमेलसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या टॅबमध्ये स्वतःचं ईमेलच नव्हतं! कॅलेंडर नाही, कॉन्टॅक्ट नाहीत. ब्लॅकबेरी फोन जवळ असेल तर त्याला जोडून बघा म्हणाले, आणि ज्याच्याकडे ब्लॅकबेरी फोन नाही त्यानं काय करायचं हे कुणी विचारलं नसावं. हे सगळं यायला फेब्रुवारी 2012 चं 2.0 अपडेट उजाडलं. तोवर अमेरिकेत 499 डॉलरचा टॅब 199 ला काढायची वेळ आली होती आणि डिसेंबर 2011 ला त्याच्या साठ्यापायी 48.5 कोटी डॉलर तोट्यात टाकले होते. ब्लॅकबेरी 10 प्लेबुकलाही मिळेल असं सांगितलं होतं, आणि जून 2013 च्या अखेरीस तेव्हाचे प्रमुख थॉर्स्टन हाइन्स यांनी तिमाहीचे आकडे सांगताना जाहीर केलं की देणार नाही, कामगिरी मनासारखी होत नाहीये.

टॅब फार लोकांकडे नव्हता हे खरं, पण ज्यांच्याकडे होता ते कंपनीचे सगळ्यात निष्ठावान लोक होते. त्याआधी ऑक्टोबर 2011 मध्ये इंग्लंडमधल्या स्लाऊच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड होऊन जगभर तीन-चार दिवस ब्लॅकबेरीची सेवा गडगडली होती, भारतातसुद्धा, तेव्हाही हेच लोक टिकून राहिले होते. भरपाई म्हणून त्यांना मिळाली शंभरेक डॉलरची फुकट ॲप.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडा): आमच्याकडून वॉटर्लू गाडीनं तासाभरावर. ही कंपनी अजून आहे का? आणि मधे टीसीएलचे ब्लॅकबेरी यायचे ते काय होतं?

उत्तर: आहे हो, पण फोन करत नाही. 2015 च्या शेवटी प्रिव्ह नावाचा अँड्रॉइडवाला फोन काढला, खालून कीबोर्ड सरकून यायचा, भारतात 62,990 रुपये! सुरक्षेचे पॅच दर महिन्याला वेळेवर द्यायचे, त्यात त्यांचं खरंच कौतुक होतं, पण अँड्रॉइडची मोठी आवृत्ती म्हणाल तर मार्शमेलो दिलं आणि तिथेच थांबले, नुगा काही आलं नाही. सप्टेंबर 2016 ला जाहीर केलं की आता फोन आम्ही बनवणार नाही. मग नाव भाड्यानं दिलं, जगात चीनच्या टीसीएलला, भारतात ऑप्टिमसला, कीवन वगैरे त्यातलेच. टीसीएलचा करार ऑगस्ट 2020 ला संपला. त्यानंतर एका अमेरिकन कंपनीनं फाइव्हजी ब्लॅकबेरी आणतो म्हणून सांगितलं आणि फेब्रुवारी 2022 ला गाशा गुंडाळला. सामान्य लोकांचं बीबीएम तर 31 मे 2019 लाच बंद झालं होतं.

आणि क्यूएनएक्स? ते मात्र जोरात आहे. कोट्यवधी गाड्यांमध्ये आत तेच चालतं. तुमच्या गाडीत असेल तर तुम्ही आजही ब्लॅकबेरी वापरताय, फक्त पिन नाही.

प्रश्न (सातारा): दादा, आमच्या मुलीला फोन घ्यायचाय. एका कंपनीचा फोन अर्ध्या किमतीत मिळतोय, चार वर्षं अपडेट देणार असं बॉक्सवर लिहिलंय, पण कंपनी डबघाईला आलीये असं पेपरात आलंय. मिस्टर म्हणतात घे, मी म्हणते नको. तुम्ही सांगा.

उत्तर: ताई, कंपनीचं नाव छापत नाही, पण असाच प्रकार एलजीच्या वेळी झाला होता तो सांगतो. एलजीनं 2018 मध्ये सोलमध्ये खास सॉफ्टवेअर अपग्रेड सेंटर उघडलं होतं, अपडेट लवकर देऊ म्हणून. 2020 च्या सणासुदीच्या सेलमध्ये त्यांचा दोन स्क्रीनवाला जी 8 एक्स, जो 49,999 ला आला होता, तो 19,990 ला विकला आणि लोक तुटून पडले. एप्रिल 2021 ला जाहीर झालं की फोनचा धंदाच बंद. सलग 23 तिमाह्या तोटा होता, कुठवर ओढणार.

पण एलजीनं एक बरं केलं, जाताना महागड्या फोनना तीन आवृत्त्यांपर्यंत अँड्रॉइड देऊ म्हणून सांगितलं आणि अपडेटचे सर्व्हर 30 जून 2025 पर्यंत चालू ठेवले. सगळ्या कंपन्यांच्या खिशात टीव्ही आणि फ्रिजचे पैसे नसतात. तुमच्या कंपनीचा फोन सोडून दुसरा धंदा आहे का, हे आधी बघा. फक्त फोनवरच पोट असेल तर बॉक्सवरचे चार वर्षं म्हणजे कंपनी टिकली तर चार वर्षं.

दुसरं, बॉक्सवर चार वर्षं कशाची लिहिलीत ते नीट वाचा, नव्या अँड्रॉइडची की फक्त सुरक्षेच्या पॅचची, आणि मोजायची कधीपासून, तुम्ही घेतल्यापासून की फोन बाजारात आल्यापासून. बहुतेक वेळा बाजारात आल्यापासून असते आणि अर्ध्या किमतीत निघालेला फोन बराच जुना असतो, म्हणजे चारातली दीड-दोन वर्षं दुकानाच्या कपाटातच गेली. तुलनेला सांगतो, गुगलनं पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस 24 पासून सात वर्षं सांगितलीत, पण ते महागडे फोन झाले, त्यांच्या स्वस्त फोनना तेवढी मिळतीलच असं नाही, मॉडेल बघून विचारा.

तिसरं, दुकानात डेमोचा फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथे अँड्रॉइड व्हर्जनवर दाबा, सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसेल. दुकानाचं वायफाय लावून अपडेट तपासायला सांगा. तपासूनही तारीख आठ-दहा महिने जुनीच राहिली तर बॉक्सवर काही लिहिलेलं असू दे, कंपनीनं हात आखडता घेतलाय. दुकानदार डेमोला हात लावू देत नसेल तर दुसरं दुकान.

चौथं, साताऱ्यात सर्व्हिस सेंटर आहे का? नसेल आणि डिस्प्ले फुटला तर पुण्याला पाठवून पंधरा दिवस बसायचं, आणि मुलीचा फोन आहे म्हणजे डिस्प्ले फुटणारच, राग मानू नका.

मुलगी त्यावर बँकेचं ॲप, यूपीआय वापरणार असेल तर मी तुमच्या बाजूनं, नको. दोन हजार कमी-जास्त करून बऱ्या चालणाऱ्या कंपनीचा मधल्या किमतीतला घ्या. नुसतं यूट्यूब, अभ्यासाचे व्हिडिओ आणि फोटो एवढंच असेल आणि किंमत खरोखर अर्धी असेल तर मिस्टरांचं ऐकायला हरकत नाही, दोन वर्षांचा फोन समजून घ्या, तेवढेच पैसे मोजा, आणि बिल पक्कं घ्या.